पाठीवर काय लिहिलंय, ते आधी वाचा

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या भगिनी 38 वर्षांच्या आहेत, नोकरी करतात आणि आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांची शब्बाथशाळा घेतात. ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर त्या मार्चअखेरीस जपानला निघाल्या आहेत. शिकोकू बेटावरच्या 88 बौद्ध देवळांची वाट पायी चालायची, असा दोघींचा बेत आहे. सहा आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे. मैत्रीण ख्रिस्ती नाही, आणि तिला सगळं साग्रसंगीत करायचंय: पांढरा अंगरखा, काठी, उदबत्ती, शिक्क्यांची वही. आई म्हणते, "देवळं पालथी घालायला इतक्या लांब कशाला? ही मूर्तिपूजाच झाली." पाळकसाहेब हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत, प्रार्थना करा म्हणाले. मैत्रीण म्हणते, "दारातच थांबणार असशील तर तिथली संस्कृती तुला कळणार कशी?" भगिनी विचारतात: जावं का? गेले तर सगळं करावं की काहीच करू नये? आणि जपानी भाषेतली सुवार्तेची पत्रकं सोबत नेली, तर हा प्रवास देवाच्या कामी लागेल ना?

प्रिय भगिनी, सलाम.

जा. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमचं सगळं पत्र त्या एका शब्दासाठी अडून बसलेलं दिसतं. पण कसं जायचं याबद्दल मला बरंच बोलायचंय, आणि तुमच्या तीन प्रश्नांपैकी मला काळजी वाटते ती तिसऱ्याची.

मी स्वतः या वाटेचा पहिला टप्पा चालले आहे. तोकुशिमा प्रांतातली 23 देवळं, दहा दिवसांत. मीही तुमच्यासारखीच, रविवारची उपासना बुडाली की आठवडाभर काहीतरी राहिल्यासारखं वाटणाऱ्या घरातली. निघण्याआधी माझ्या मनातही हेच प्रश्न होते, फक्त ते कुणाला लिहून विचारायचं धाडस मला झालं नव्हतं.

ही वाट म्हणजे काय ते आधी नीट बघू. शिकोकूची ही प्रदक्षिणा सुमारे 1,200 किलोमीटरची. पायी 40 ते 50 दिवस लागतात. शिंगोन या बौद्ध पंथाचे संस्थापक कूकाई (774–835), ज्यांना लोक कोबो दाइशी म्हणतात, त्यांच्या नावाने ती चालली जाते. चालणारा तो हेन्रो. हेन्रो एकटा चालत नाही, दाइशी त्याच्या सोबतीला असतात, अशी श्रद्धा आहे. हातातली काठी म्हणजे तेच. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी काठीचं टोक धुतात आणि मग आपले पाय. पुलावरून जाताना काठी टेकवत नाहीत, कारण पुलाखाली दाइशी झोपलेले असतील. पांढरा अंगरखा हे खरं तर प्रेतवस्त्र आहे. वाटेत मरण आलं तरी तयारी असावी म्हणून अंगावर घ्यायचं. आणि त्या अंगरख्याच्या पाठीवर बहुधा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'नामु दाइशी हेन्जो कोंगो'. कोबो दाइशींना शरण जाण्याचा हा मंत्र आहे.

पहिल्या देवळात, र्योझेन्जीत, हे सगळं सामान विकत मिळतं. तिथे मी असा एक अंगरखा हातात धरून बराच वेळ उभी होते. पातळ सुती कापड, माझ्याच मापाचं, पाठीवर काळी, जोरकस अक्षरं. विकणाऱ्या बाईंसमोर अक्षरांवर बोट ठेवून मी खुणेनं विचारलं, हे काय? त्यांनी एकेक अक्षर सावकाश वाचून दाखवलं आणि वाचून झाल्यावर हात जोडले. गिऱ्हाइकासाठी नव्हे, सवयीनेही नव्हे. डोळे मिटून जोडले. मला काय करायचं ते तिथेच कळलं. अंगरख्याची घडी घालून मी परत ठेवली आणि माझ्या रोजच्या शर्टात चालले.

तुमची मैत्रीण असं धरून चालली आहे की वेश चढवला, विधी केले की संस्कृती कळते. मला ते पटत नाही. ज्या शब्दांवर आपला विश्वास नाही ते पाठीवर मिरवले, तर ते शब्द ज्यांचे आहेत त्यांना आपण काय दिलं? आणि आई धरून चालल्या आहेत की देवळाच्या आवारात पाऊल टाकलं की पूजा घडली. तेही मला पटत नाही. पण एक सांगू? दोघींत आईंनाच देऊळ म्हणजे काय ते जास्त कळलंय. ते काही नुसतं बघण्याचं ठिकाण नाही, तिथे खरोखर कुणीतरी कुणालातरी शरण जातं, हे त्या जाणतात. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. तिच्यातला आदर घ्या आणि भीती तेवढी ठेवून द्या.

पौल अथेन्सात काय करत होता ते आठवा. प्रेषितांच्या कृत्यांच्या 17व्या अध्यायात, शहर मूर्तींनी भरलेलं पाहून त्याचा जीव तळमळला, असं आधी स्पष्ट सांगितलंय. तरी तो शहराबाहेर थांबला नाही. फिरला. लोकांच्या पूजेच्या जागा नीट पाहिल्या. इतक्या जवळून पाहिल्या की एका वेदीवर काय कोरलंय तेही त्याने वाचलं, 'अज्ञात देवाला'. पुढे तो जे बोलला त्याची सुरुवात या वाचण्यातून झाली. त्या वेदीवर त्याने काही वाहिलं नाही, आणि तिच्याकडे पाठही फिरवली नाही. तुम्हीही असंच करावं, आधी वाचावं. पाठीवर, काठीवर, टोपीवर, वहीत काय लिहिलंय ते विचारा आणि मगच ती वस्तू हातात घ्यायची की नाही ते ठरवा.

काही जण नामानाचा दाखला देतात. सीरियाचा हा सेनापती बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणाला की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा असावी; आणि अलीशाने त्याला शांतीने वाटेला लावलं. पण नामानाची ती नोकरी होती. तुम्ही हौसेने जाताय. त्याची सवलत आपण घेऊ नये. अलीशाचा सूर मात्र घ्यावा, स्वतःशी बोलतानासुद्धा.

माझी रेघ कुठे होती ते सांगते. तुमची दोन बोटं अलीकडे-पलीकडे असेल. देवळाच्या वेशीशी थोडं झुकणं मला कुणाच्या घरात शिरताना करतो तसा नमस्कार वाटला, तो मी केला. मुख्य मंदिरासमोर मेणबत्ती, उदबत्ती, नाणं, सूत्रपठण यातलं काही केलं नाही. लोक सूत्र म्हणत असताना बाजूच्या बाकावर टोपी काढून गप्प बसले. त्या गप्प बसण्यात मी माझी प्रार्थना केली, बहुतेक वेळा समोर जे वाकले होते त्यांच्यासाठी. कुणी मला हटकलं नाही, बाहेर जा म्हणालं नाही. हेन्रो व्हायला बौद्ध असावं लागत नाही. ही वाट कितीतरी वेगवेगळ्या श्रद्धांचे लोक चालतात.

शिक्क्यांच्या वहीचं जरा वेगळं आहे. नोक्योचो म्हणतात तिला. प्रत्येक देवळात लाल शिक्के उमटवून त्यावर ब्रशने काळ्या शाईत लिहून देतात. 2024 पासून त्याचे 500 येन पडतात. दिसायला अप्रतिम असते. पण मुळात ती पावती आहे: सूत्राची प्रत लिहून देवळाला अर्पण केली, याची. त्यात त्या देवळाच्या मुख्य देवतेचं नावही लिहिलेलं असतं. मी घेतली नाही. त्याऐवजी साधी वही नेली आणि प्रत्येक देवळाच्या आवारात दहा मिनिटं बसून समोर दिसेल ते एक काहीतरी काढलं. चित्रकला मला येत नाही. तरी 23 देवळांपैकी प्रत्येक मला वेगळं आठवतं ते त्या वेड्यावाकड्या रेघांमुळे.

खाण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. करिंथकरांस पहिल्या पत्रातला 8वा आणि 10वा अध्याय निघण्याआधी सावकाश वाचा. कुणी घरी बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशा न करता खा, असं पौल म्हणतो. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर थांबा, तेही सांगणाऱ्याच्या मनासाठी. शिकोकूत याचा संबंध लगेच येतो, कारण तिथे ओसेत्ताईची रीत आहे: वाटसरूला ओळखपाळख नसताना काहीतरी देणं. संत्री, गोळ्या, चहा, कधी गाडीतून सोडतो म्हणणं, कधी शंभर येनचं नाणं. शक्यतो नाही म्हणायचं नसतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न.

सहाव्या-सातव्या दिवशी माझ्या डाव्या टाचेला मोठा फोड आला होता. एका गावात रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून मी बूट काढला. समोरच्या परसात एक आजी गवत उपटत होत्या. त्यांनी एकदा पाहिलं, आत गेल्या आणि हिरव्या प्लास्टिकच्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन आल्या. घमेलं माझ्या पायांशी ठेवलं, पातळ टॉवेल माझ्या मांडीवर टाकला. मी दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते. त्यांनी माझ्या हातांकडे लक्षच दिलं नाही; पाण्याकडे बोट दाखवलं आणि परत गवत उपटायला जाऊन बसल्या. मी पाय पाण्यात सोडले. माझ्या पिशवीत, वरच्याच कप्प्यात, आमच्या मंडळीतल्या एका वडिलधाऱ्यांनी प्रेमाने दिलेली जपानी पत्रकं होती. घमेलं परत करताना माझा हात त्या कप्प्याकडे गेला आणि थांबला. त्या पाण्याच्या बदल्यात मी तिला कागद देणार होते. तिने मला काही मागितलं नव्हतं, काही विचारलंही नव्हतं. पत्रक पुढे केलं असतं तर तिचं देणं मी व्यवहार करून टाकलं असतं.

त्या रात्री मला योहानाचा 13वा अध्याय आठवला. येशू शिष्यांचे पाय धुवायला लागतो तेव्हा पेत्र त्याला म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. मी तेच करत होते. ख्रिस्ती माणूस म्हणून मी देणारी, हे मी इतकं पक्कं धरलं होतं की घेताना मला लाज वाटत होती.

तुमच्या पत्रात हेच दिसतं मला. प्रवास देवाच्या कामी लागला तर तो योग्य ठरेल, असं तुम्हाला वाटतं. म्हणजे नुसता प्रवास योग्य नाही, असंही तुम्ही धरून चाललात. चालणं, पाहणं, अनोळखी माणसाच्या हातचं घेणं यालाही देव लागतोच की. अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांसोबत जो येशू चालत आला त्याने आधी विचारलं, तुम्ही आपसात काय बोलताय? आधी ऐकलं. सुवार्ता सांगू नका असं मी म्हणत नाही; कुणी विचारलं तर मोकळेपणाने, अभिमानाने सांगा. फक्त यजमानाच्या अंगणात त्याने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर छापून वाटू नका.

रिकाम्या हाताने येणंही मला जमत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी एक उपाय काढला. हेन्रो ओसेत्ताईच्या बदल्यात आपलं नाव लिहिलेली देवळात वाहायची चिठ्ठी देतात. मी साधी पांढरी कार्डं घेतली आणि मुक्कामाच्या घरच्या मुलीकडून एक मजकूर जपानीत लिहून घेतला: "धन्यवाद. मी भारतातून आले आहे, ख्रिस्ती आहे. आज तुमच्या घरासाठी प्रार्थना करीन." खाली माझं नाव. पुढचे सगळे दिवस तीच दिली, आणि प्रार्थना खरोखर केली, नाही तर कार्ड खोटं ठरलं असतं. लोक कार्ड वाचायचे, 'कुरिसुचान' या शब्दावर थांबायचे आणि मग बरेचदा तेच काहीतरी विचारायचे. ही कार्डं तुम्ही निघण्याआधीच जपानी येणाऱ्या कुणाकडून लिहून घ्या. पन्नास पुरतात.

शब्बाथशाळेच्या मुलांचं म्हणाल, तर त्यांना नंतर फोटोंवरून कुठून तरी कळण्यापेक्षा जाण्याआधी तुम्हीच सांगा. कुठे जाताय, तिथे लोक काय मानतात, तुम्ही काय कराल आणि काय नाही. मुलांना गोंधळात टाकतं ते लपवणं.

मैत्रिणीशी मात्र आताच बसून बोला, विमानात नको. तिला तिच्या मनासारखं सगळं करू द्या. अंगरख्याचा अर्थ सांगा आणि निर्णय तिच्यावर सोडा. ती आत असेल तेव्हा तुम्ही कुठे बसाल, किती वेळ, ते ठरवून टाका. शुकुबो म्हणजे देवळातल्या मुक्कामात पहाटेची प्रार्थना असते. तिला तिथे राहायचं असेल तर बुकिंग करतानाच विचारून घ्या की पाहुण्यांनी प्रार्थनेला बसायलाच हवं का. नसेल पटत तर गावातलं साधं मिन्शुकू, म्हणजे घरगुती खाणावळ-मुक्काम, बरं. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जपानात सुट्ट्या असतात, त्या दिवसांचे मुक्काम आधीच धरा.

आणि दोघींनी मिळून एक आकडेमोड करा. सहा आठवड्यांत जाणं-येणं वजा केलं तर 40 दिवस हातात राहतात. 1,200 किलोमीटर म्हणजे रोज 30, एकही दिवस न थांबता. म्हणजे रविवारसुद्धा नाही. पाय तर मोडतीलच, पण 88 हा आकडा तुमचा देव होऊन बसेल, याची मला जास्त धास्ती वाटते. वाट तुकड्यांनी चालण्याची तिथे जुनी, मान्य रीत आहे, कुगिरी-उची म्हणतात. कुणी त्याला कमी लेखत नाही. तोकुशिमा चाला. पुढे 23व्या याकुओजीपासून 24व्या होत्सुमिसाकिजीपर्यंत सुमारे 75 किलोमीटर एकही देऊळ नाही, मुरोतो या भूशिराच्या टोकापर्यंत डाव्या हाताला समुद्र आणि रस्ता. तो भाग मी चालले नाही आणि मला त्याची हळहळ आहे. तीन दिवस नुसतं चालणं आणि आपली प्रार्थना. तुमच्यासाठी तो या वाटेचा सगळ्यात मोकळा तुकडा ठरेल. त्या किनाऱ्यावर त्सुनामीच्या वेळी कुठे चढून जायचं त्याच्या पाट्या आहेत, त्या रोज बघून ठेवा. मग कोची शहरापर्यंत जा आणि तिथे थांबा.

रविवारी चर्च शोधा. तोकुशिमा, कोची, मात्सुयामा, ताकामात्सु या चारही शहरांत आहेत. जपानात ख्रिस्ती लोक शंभरात जेमतेम एक. उपासनेला वीस-पंचवीस माणसं दिसली तर नवल वाटून घेऊ नका. मला एक शब्द कळत नव्हता, पण एका गीताची चाल ओळखीची निघाली. ते जपानीत गात होते, मी मराठीत. आमेन तेवढं सगळ्यांचं एक झालं.

शेवटचा आठवडा मात्र माझं ऐका आणि नागासाकीला द्या. एहिमे प्रांतातल्या यावाताहामाहून क्यूशूला बोट जाते, पुढे रेल्वे. ज्या देशात ख्रिस्ती पावलाची परीक्षा घेतली गेली तो हा देश आहे: 17व्या शतकापासून ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत, आणि जो अडखळे तो पकडला जाई. तरी नागासाकीजवळच्या उराकामीच्या ख्रिस्ती लोकांनी धर्मगुरूंशिवाय दोन-अडीचशे वर्षं विश्वास जपला आणि 1865 साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये येऊन तो हळूच उघड केला. त्यानंतर त्यांच्यातल्या तीन हजारांहून अधिक जणांना गावातून उठवून देशभर हद्दपार केलं. काहींना कोचीत, काहींना मात्सुयामा, ताकामात्सु आणि तोकुशिमात. मी शिकोकूत चालत होते तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. तुम्ही ते जाणून चाला.

नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर दिलं. त्यांना क्योतोहून तिथपर्यंत भर थंडीत जवळपास महिनाभर नेलं, मुख्यतः पायी. त्यातला एक वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया. तो जपानात आधी राहिला होता, व्यापार केला होता, भाषा उत्तम बोलायचा. म्हणूनच फ्रान्सिस्कन मंडळींचा दुभाष्या झाला. आधी ऐकायला, बोलायला शिकलेला माणूस. त्या टेकडीवर 1962 पासून 26 जणांची कांस्य शिल्पं ओळीने उभी आहेत.

मैत्रिणीला तिथे तुमच्याबरोबर यायला सांगा. तीन आठवडे तुम्ही तिच्या देवळांच्या आवारात बसला असाल. एक सकाळ ती तुमच्यासाठी त्या टेकडीवर उभी राहील. आईंसाठी गोन्सालोचा फोटो काढा. आणि परत आल्यावर मला कळवा, मैत्रीण आली का, आणि तिने तिथे तुम्हाला काय विचारलं.